नमस्कार कोणी कोणास केला?

लक्ष्मीबाई नगरातील माझ्या घरी भिंतीवर फ्लॉरेन्स येथील एका भित्तिचित्राची छापील प्रत टांगली आहे. शेजारच्या एका गृहस्थांनी परवा ती बराच वेळ न्याहाळली आणि विचारले, "साहेब, यात कोण कोणाला नमस्कार करतंय?" श्रोतेहो, मोठमोठे ग्रंथ वाचूनही मला इतका नेमका प्रश्न सुचला नव्हता.

हे चित्र फ्रा आंजेलिको या डोमिनिकन साधूचे. इ. स. १४४० नंतरच्या दशकात सान मार्को मठाच्या वरच्या मजल्यावर, जिना संपतो तेथेच, त्याने ते रंगविले. प्रसंग लूककृत शुभवर्तमानातला. देवदूत गब्रिएल मरियेला सांगतो की, तिच्या पोटी प्रभू जन्मास येईल. ती प्रथम गोंधळते, मग विचारात पडते, हे घडावे कसे असे विचारते आणि अखेर होकार देते. त्या शतकातील इटालियन प्रवचनकार या अवस्था एकेक करून श्रोत्यांना समजावीत. चित्रकार त्यांतली एखादी निवडीत.

आंजेलिकोची मरिया साध्या लाकडी तिपाईवर बसली आहे. हात छातीशी एकमेकांवर आडवे घेतलेले, मान किंचित पुढे. हा शेवटचा, होकाराचा क्षण. परंतु देवदूताकडे पाहा: त्याचेही हात तसेच आणि गुडघाही वाकलेला! वरून आज्ञा घेऊन आलेला दूत आज्ञा ऐकणारीपुढे नमतो. (आम्हा सरकारी नोकरांना हे दृश्य अपरिचितच.) माद्रिदच्या प्राडो संग्रहालयातील त्याच्याच आधीच्या चित्रात बागेतून हाकलले गेलेले आदम आणि हव्वा दिसतात. येथे ते नाहीत. उरली आहे हिरवळ आणि तिच्यामागचे कुंपण. नित्य त्याच वाटेने जाणाऱ्या साधूंना कथा ठाऊकच होती. चित्राखाली मात्र लॅटिनमध्ये सूचना आहे की, या मूर्तीसमोरून जाताना वंदन करण्यास चुकू नये. म्हणजे तिसरा नमस्कार पाहणाऱ्याचा.

आणखी एक गोष्ट. मरियेभोवतीचे खांब नाझरेथचे नव्हेत. मिकेलोत्सोने नुकत्याच बांधलेल्या त्याच मठाच्या ओवऱ्यांची ती धाटणी आहे. हे ध्यानात घेतले म्हणजे आपल्याकडील एक वाद वेगळा दिसू लागतो. गोव्यातील जुवें बेटावर १९०२ साली जन्मलेले, अवनींद्रनाथ ठाकुरांकडे शिकलेले आंजेलो द फोन्सेका यांनी मरियेला साडी नेसविली. गोव्यातील काही धर्मगुरूंना ते रुचले नाही. फोन्सेका पुण्यास ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून रंगवीत राहिले आणि १९६७ साली तेथेच वारले. फ्लॉरेन्सची ओवरी चालते, मग साडी का चालू नये, हे मला तरी अद्याप उमगलेले नाही. फादर स्टीफन्स यांनी तर १६१६ सालीच ही कथा मराठी ओवीत घातली होती.

फोन्सेकांची पुष्कळ चित्रे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहेत. शेजाऱ्यांना मी त्यांपैकी एकाची प्रत दाखविली. ते म्हणाले, "ही तर आपल्याकडची दिसते." आणि नकळत त्यांचे हात जुळले.