आगीची वर्दी कुणाला मिळाली नाही?

इमारतीतल्या धोक्याच्या घंटेचे नियम वाचायला रुक्ष असतात. कळ किती उंचीवर हवी, आवाज किती मोठा हवा, तो कोणत्या खोलीपर्यंत पोचला पाहिजे, अशी कलमांमागून कलमं. त्यांचा उगम शोधत मागे गेलं की पुन्हा पुन्हा एकच प्रश्न समोर येतो: आग लागली तेव्हा कुणाला कळलंच नाही?

पहिला विचार झाला तो शहराचा. मनोऱ्यावरचा पहारेकरी धूर पाहून घंटा वाजवी, पण आग नेमकी कुठे, हे बंबवाल्यांना धावत शोधावं लागे. डॉ. विल्यम चॅनिंग आणि मोझेस फार्मर यांनी बॉस्टनमध्ये त्यासाठी तारयंत्र कामाला लावलं. रस्त्यांवर पेट्या बसल्या. पेटीचा दांडा फिरवला की तिचा क्रमांक मध्यवर्ती कचेरीत पोचे आणि तिथून शहरातल्या घंटा वाजवल्या जात. २९ एप्रिल १८५२ रोजी या यंत्रणेवरून पहिली वर्दी गेली.

अग्निशमन दलाला कळू लागलं, पण जळत्या इमारतीतल्या माणसांचं काय? २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात आठव्या मजल्यावर आग लागली. तिथून दहाव्या मजल्यावर, कचेरीत, फोन गेला आणि तिथले जवळजवळ सगळे गच्चीवरून वाचले. मधल्या नवव्या मजल्यावर शिलाई करणाऱ्या मुलींना कुणीच सांगितलं नाही. आग दारात आली तेव्हाच त्यांना कळलं, आणि बाहेर पडायचं एक दार कुलूपबंद होतं. १४६ जीव गेले. त्यानंतर न्यूयॉर्क राज्याने कारखान्यांसाठी धोक्याची घंटा आणि आगीची कवायत यांचे कायदे केले.

शिकागोच्या ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ शाळेत घंटा होती. १ डिसेंबर १९५८ रोजी तळघराच्या जिन्याशी आग धुमसू लागली. घंटेच्या कळा जमिनीपासून सुमारे सहा फूट उंच होत्या. घंटा वाजली तोवर वरच्या मजल्यावरचा मार्ग धुराने भरला होता. शिवाय ती वाजली फक्त शाळेतच, कारण अग्निशमन दलाशी ती जोडलेलीच नव्हती. ९२ मुलं आणि ३ शिक्षिका जोगिणी मृत्युमुखी पडल्या. काही आठवड्यांपूर्वीच्या तपासणीत ही शाळा उत्तीर्ण झाली होती, कारण १९४९चे कडक नियम जुन्या इमारतींना लागू नव्हते. या आगीनंतर शाळेची घंटा थेट अग्निशमन दलाच्या यंत्रणेला जोडण्याची सक्ती आली आणि जुन्या इमारतींना दिलेली सूट देशभर तपासली गेली.

आजच्या अमेरिकी मानकात हाताने ओढायची कळ ४२ ते ४८ इंच उंचीवर असावी लागते, म्हणजे लहान मूल आणि चाकाच्या खुर्चीतला माणूस दोघांचाही हात पोचतो. घंटेचा आवाज भोवतालच्या आवाजाहून १५ डेसिबल जास्त हवा, आणि झोपायच्या खोलीत उशीपाशी निदान ७५ डेसिबल. कर्कश, उंच पट्टीच्या आवाजाने अनेक मुलं आणि कमी ऐकू येणारे जागे होत नाहीत, असं प्रयोगांत दिसलं. तेव्हा झोपायच्या खोल्यांसाठी ५२० हर्ट्‌झचा खालच्या पट्टीतला आवाज आला. ज्यांना ऐकूच येत नाही, त्यांच्यासाठी लखलखणारा दिवा आला. राहून गेलेल्या एकेका माणसाची अशी नोंद होत गेली.

भारताची राष्ट्रीय इमारत संहिता १९७० साली आली. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६चा कायदा तिच्याच आधाराने उभा आहे. यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी तो मालकावर किंवा भोगवटादारावर टाकतो, आणि दर जानेवारीत व जुलैत परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, मागतो.

सोसायटीच्या सभेत या प्रमाणपत्राचा विषय दोन मिनिटांत संपतो. तो तसा संपू देऊ नये. चाचणीच्या दिवशी घंटेच्या नियंत्रण पॅनेलजवळ एकाने उभं राहावं, आणि दुसऱ्याने सर्वांत लांबच्या घरातली आतली खोली गाठून दार लावून घ्यावं. तिथे घंटा ऐकू आली तरच सही करावी.