दोन कार्डे, एक पडदा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि नागपूरच्या सरकारी कचेऱ्यांतून अनेक मराठी कुटुंबे येथे आली. त्यांतील कित्येकांचे पहिले बिऱ्हाड टी. टी. नगरच्या सरकारी घरांत लागले. या घरांच्या बैठकीत आधी रेडिओ आला, मग दूरचित्रवाणी संच आणि पुढच्या पिढीबरोबर संगणक. रेडिओ आणि दूरचित्रवाणी संच बिघडले की ते सहसा कारागीरच उघडी. संगणक मात्र घरच्या मुलांनी स्वतः उघडला. खेळांसाठी एकाच संगणकात दोन ग्राफिक्स कार्डे बसवण्याची हौस हे त्या उघडण्याच्या इतिहासातील एक लहानसे, पण बोधप्रद प्रकरण आहे.

पडद्यावरील चित्र ठिपक्यांचे असते. १०२४ × ७६८ मापाच्या पडद्यावर सुमारे आठ लाख ठिपके मावतात. सेकंदाला साठ चित्रे हवी असतील तर पावणेपाच कोटींच्या आसपास ठिपके दर सेकंदाला रंगवावे लागतात. हे काम मुख्य प्रक्रियकाकडून काढून घेण्यासाठी ग्राफिक्स कार्ड जन्माला आले. एक कार्ड अपुरे पडते, तर दोन का लावू नयेत, हा प्रश्न त्यानंतर ओघानेच आला.

त्याचे घरगुती उत्तर १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातील थ्रीडीएफएक्स कंपनीच्या ‘व्हूडू २’ या कार्डाने दिले. दोन कार्डे एका चपट्या तारेने जोडली की पडद्यावरील सम रेषा एक कार्ड काढी आणि विषम रेषा दुसरे. एकट्या कार्डाची मर्यादा ८०० × ६०० ठिपक्यांची होती. जोडी १०२४ × ७६८ पर्यंत पोहोचे. मात्र भिंतीचा पोत, गवताचा रंग यांची नक्कल दोन्ही कार्डांना आपापल्या स्मृतीत ठेवावी लागे. पैसे दुप्पट गेले तरी साठवण दुप्पट होत नसे. डिसेंबर २००० मध्ये या कंपनीची मालमत्ता एनव्हीडियाने घेण्याचे ठरले. २००४ मध्ये एनव्हीडियाने एस.एल.आय. हे जुनेच नाव नव्या अर्थाने पुढे आणले. २००५ मध्ये एटीआयने ‘क्रॉसफायर’ काढले.

जोडणीची कृती अवघड नव्हती. संगणक बंद करून तार काढायची, लोखंडी सांगाड्याला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवायची, एकाच जातीची दोन कार्डे दोन लांब खाचांत दाबून बसवायची, वर लहानसा जोडपूल लावायचा आणि प्रणालीत जोडी चालू करायची. खर्च दिसे तो पुढे. २०१० च्या ‘जीटीएक्स ४८०’ या एका कार्डाची उष्णतामर्यादा २५० वॅट होती. म्हणजे जोडी पूर्ण कामात असता शंभर वॅटचे पाच दिवे पेटल्यासारखे. भोपाळच्या मे महिन्यात याचा अर्थ काय, हे वाचकांना सांगायला नको.

खरी अडचण वाटणीची होती. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्येच दाखवले होते की, कामाचा जो भाग वाटता येत नाही तोच शेवटी वेग ठरवतो. चौथा हिस्सा वाटता येत नसेल, तर दोन हातांनी वेग दुप्पट होत नाही, १.६ पटच होतो. ज्यांचे नाव या नगराला आहे त्या तात्या टोप्यांनाही हा अनुभव आला होता. १ एप्रिल १८५८ रोजी बेतवेकाठी त्यांचे सैन्य दोन फळ्यांत होते. पहिली फुटली तेव्हा मागे दूर राहिलेली दुसरी तिला सावरू शकली नाही.

वाटणीचे हे शास्त्र मराठी मुलखात मोठ्या प्रमाणावर साधले गेले. अमेरिकेने प्रगत महासंगणक देण्याचे नाकारल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. अनेक प्रक्रियकांनी एक काम वाटून घ्यावे हेच त्याचे तत्त्व होते. पण तेथे काम वाटून देणारे जाणकार यंत्राजवळ बसलेले होते. घरच्या खेळात ती जबाबदारी खेळ लिहिणाऱ्यावर आणि कार्डाच्या कंपनीवर होती.

ती त्यांना परवडेनाशी झाली. जोडीतील दोन कार्डे आळीपाळीने एकेक चित्र काढू लागली तेव्हा गती आकड्यांत वाढे, पण पडदा अडखळे. पुढे नव्या खेळांत एक चित्र आधीच्या चित्राच्या आधारे घडू लागले आणि आळीपाळी जुळेना. १ जानेवारी २०२१ पासून एनव्हीडियाने आरटीएक्स २० आणि त्याआधीच्या कार्डांसाठी नव्या खेळांची एस.एल.आय. जुळणी देणे थांबवले. २०२२ पासून आलेल्या आरटीएक्स ४० मालिकेतील घरगुती कार्डांवर जोडपुलाची जागाच उरली नाही. तेच तत्त्व आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या दालनांत हजारो कार्डांवर चालते. पण त्या दालनात आपल्या मुलांचा पेचकस पोहोचत नाही.

स्मार्ट सिटी प्रकल्पात टी. टी. नगरातील बरीच जुनी सरकारी घरे पाडली गेली. घर रिकामे करताना माळ्यावरची खोकी प्रथम कबाड्याकडे जातात. अशा खोक्यात एखादी जुनी जोडी सापडली, तर तिला खेळणे समजून टाकू नये. दोन हात जोडणे सोपे असते आणि काम वाटणे कठीण, हा धडा नातवंडांना हातात धरून दाखवता येईल असे ते साधन आहे.