अर, ज्या आणि त्रिज्या

बडोद्यालगतच्या कोयली या गावी १९६३ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तेलशुद्धी कारखान्याची कोनशिला बसली आणि सोव्हिएत साहाय्याने उभारलेला त्याचा पहिला विभाग १९६५ साली चालू झाला. अंकलेश्वरच्या भूमीतून निघालेले तेल येथे येऊ लागले, आणि ते साठविण्यासाठी प्रचंड वर्तुळाकार टाक्या उभ्या राहिल्या. अशी टाकी किती तेल धरते, हे ठरविण्याची एक जुनी रीत मोठी गमतीची आहे. भरलेल्या टाकीच्या मध्यबिंदूपासून कडेपर्यंत कोण दोरी धरणार? म्हणून बाहेरून फीत गुंडाळून घेर मोजावयाचा, घेरावरून त्रिज्या काढावयाची, आणि त्रिज्येच्या वर्गावरून तळाचे क्षेत्रफळ. त्रिज्येत शेकडा एक चूक झाली, तर तेलाच्या हिशेबात जवळजवळ शेकडा दोन चूक होते. जिच्यावर सारा हिशेब टेकलेला असतो, ती रेषा कोणी डोळ्यांनी पाहिलेलीच नसते.

हा त्रिज्या शब्द आपण शाळेत शिकतो आणि त्यातले ‘त्रि’ कोठून आले हे विचारावयाचे विसरतो. वर्तुळात तीन असे काय आहे? उत्तर भूमितीत नाही. ते आकाशात आहे. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा कंस हे धनुष्य मानले, तर त्याची दोन टोके जोडणारी रेषा ही ज्या. आपल्या ज्योतिर्विदांनी पुढे अर्ध्या दोरीनेच गणित करण्याची सोय शोधली आणि त्या अर्धज्येलाच ज्या हे नाव दिले. कंस जसजसा वाढवावा तसतशी ज्या वाढते, आणि तीन राशी, म्हणजे नव्वद अंश, पुरे झाले की ती सर्वांत मोठी होते. ही तीन राशींची ज्या वर्तुळाच्या व्यासार्धाइतकीच असते. म्हणून ती त्रिराशिज्या, संक्षेपाने त्रिज्या.

म्हणजे मुळात त्रिज्या हे केवळ रेषेचे नाव नव्हते. गणितासाठी धरलेल्या एका ठराविक परिमाणाचे नाव होते. इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने ती ३४३८ कला धरली. हा आकडा मनःपूत नाही. वर्तुळाच्या ३६० अंशांच्या २१,६०० कला होतात. घेर तितक्या कलांचा मानला, तर त्याचे व्यासार्ध ३४३८ कलांच्या अगदी निकट येते. घेर आणि व्यासार्ध एकाच मापाने मोजण्याची ही युक्ती आहे, आणि आजच्या गणितातील रेडियन हे कोनाचे माप कलांत मांडले तर हाच आकडा हाती लागतो. वराहमिहिराने सोयीसाठी १२० धरले, ब्रह्मगुप्ताने ३२७०. केरळच्या माधवाने चौदाव्या शतकात ३४३७ कला, ४४ विकला, ४८ प्रतिविकला इतकी सूक्ष्मता गाठली. ज्या शब्दाचा पर्याय जीवा. तो अरबीत गेला, तेथे ‘जैब’ म्हणजे वक्षःस्थळ या अरबी शब्दाशी त्याचा घोटाळा झाला, आणि बाराव्या शतकातील लॅटिन भाषांतरकारांनी त्या चुकलेल्या अर्थाचाच तर्जुमा ‘सायनस’ असा केला. आज जगभर चालणारा ‘साइन’ तो हाच.

या विद्येचा एक साक्षीदार खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथील देवीच्या मंदिरात आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला. शके ११२८ चा शिलालेख त्याची नोंद देतो, आणि त्याच्या अखेरीस मठाला दिलेल्या उत्पन्नाचा तपशील जुन्या मराठीत आहे. देवळाच्या भिंतीवर ज्योतिषाच्या पाठशाळेची व्यवस्था कोरलेली असावी, याचे त्या काळी कोणास नवल वाटले नसेल. हा लेख विद्वानांच्या नजरेस आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी, १८६५ साली. ते मूळचे गोमंतकातील मांद्र्याचे, हे आपल्या वाचकांस सांगावयास नकोच.

युरोपची कथा निराळी. युक्लिडाजवळ या रेषेला स्वतंत्र नाम नव्हते; तो ‘मध्यापासून निघालेली’ एवढेच म्हणे. लॅटिनमधील ‘रेडियस’ म्हणजे काठी, मोजपट्टी, चाकाचा आरा आणि प्रकाशाचा किरणही. वर्तुळाच्या अर्धव्यासास हे नाव फ्रान्सच्या रामुसने १५६९ साली दिलेले आढळते. आपली त्रिज्या त्याहून हजार वर्षांनी तरी वडील. पण त्या शब्दाचा वंशविस्तार दांडगा! क्यूरी दांपत्याने १८९८ साली शोधलेले रेडियम आणि घरोघरचा रेडिओ, दोन्ही त्याच किरणाच्या कुळातले. वैद्य मनगटावर अंगठ्याच्या बाजूस बोटे ठेवून नाडी पाहतो, त्या नाडीखालच्या हाडालाही शरीरशास्त्रात रेडियस म्हणतात.

आऱ्याची कल्पना आपल्याकडे उणी नव्हती. संस्कृत ‘अर’ तो मराठीत आरा. गाडीच्या तुंब्यापासून धावेकडे जाणारा. ऋग्वेदात बारा अरांचे कालचक्र आहे, आणि रथाच्या नाभीत अर बसावेत तसे सर्व काही एका ठायी बसले आहे, हा दृष्टांत प्रश्न, मुंडक, छांदोग्य आणि बृहदारण्यक या चारही उपनिषदांत येतो. शुल्बसूत्रांत तर अरांसह रथचक्राच्या आकाराची चिती रचण्याचा विधी आहे. गार्हपत्याचे वर्तुळ तेथे खुंटी आणि दोरी यांनीच काढावयाचे. असे असता आमच्या गणितज्ञांनी अर सोडून ज्या का घेतली? माझ्या मते ज्याला आरा हवा तो चाक घडवितो, ज्याला ज्या हवी तो ग्रहणाचा वेळ काढतो. आमचे गणित दुसऱ्या कामासाठी वाढले.

शास्त्र देशभाषेत यावे यासाठी बडोद्यात झालेली खटपट येथे आठवते. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० साली कलाभवन काढले. तेथे धंदेशिक्षण देशभाषांतून देण्याचा आग्रह होता आणि गुजराती व मराठीत शास्त्रीय पुस्तके तयार करविण्यात आली. पुढे १९३१ साली निघालेल्या ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ने राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांना मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी आदी भाषांतील प्रतिशब्द एकत्र मांडले. शब्द नेमका नसेल तर हुकूमही नेमका नसतो, हे त्या राज्याने ओळखले होते.

आज मात्र वृत्तपत्रांत ‘पाच किलोमीटरच्या परिघात’ असे सर्रास छापले जाते. परीघ म्हणजे घेर. पाच किलोमीटर घेराच्या वर्तुळाची त्रिज्या आठशे मीटरही भरत नाही. सांगावयाचे असते ते क्षेत्र त्याच्या चाळीसपट असते! कोयलीतच २०२४ च्या नोव्हेंबरात एका साठवण-टाकीस आग लागली. अशा वेळी कोणत्या अंतरापर्यंतच्या लोकांनी घरे सोडावीत, हा प्रश्न व्याकरणाचा राहत नाही. गंमत अशी की, संस्कृतात परिघ म्हणजे दरवाजाचा लोखंडी अडसर. घेराला शब्द परिधि, आणि यज्ञाग्नीभोवती ठेवावयाच्या समिधांनाही परिधीच म्हणतात. मराठी परीघ हे त्या परिधीचेच बिघडलेले रूप असावे.

त्रिज्या हा शब्द जड वाटत असेल, तर पंचक्रोशी हा शब्द आपल्या जत्रांच्या पत्रकांत अजून जिवंत आहे. त्याचा अर्थ पाच कोसांचा घेर नव्हे. काशीक्षेत्राची मर्यादा परंपरेने अशी सांगतात : मध्यमेश्वर हे केंद्र धरावे, देहली विनायकापर्यंत पाच कोसांची दोरी ताणावी, आणि ती फिरवावी.