ऐझॉलचा हंगाम : आय-लीग २०१६-१७

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माझ्याकडे लेख मागितला तेव्हा त्यांना बहुधा 'आयटीतली पंचवीस वर्षं' किंवा 'परदेशातले अनुभव' असं काहीतरी अपेक्षित होतं. ते आपल्या तुकडीतल्या किमान सहा जणांनी लिहिलं असणार, आणि माझ्यापेक्षा चांगलं. शिवाय आपण कोल्हापूरचे. पाटाकडील आणि खंडोबाचा सामना झाला की दुसऱ्या दिवशी आपल्या वर्गातले दोन बाक एकमेकांशी बोलत नसत, आणि पीटीचे सर दोन्ही बाकांना सारखंच फैलावर घेत, हे कुणी विसरलं असेल असं वाटत नाही. तेव्हा मी फुटबॉलवर लिहिते. मात्र शाहू स्टेडियमवर नाही. त्यावर बोलायला आपल्यात माझ्याहून जाणकार बसलेत. मी लिहिणार आहे ते देशाच्या सर्वोच्च साखळी स्पर्धेतल्या एका हंगामावर. तो जिंकला मिझोरामच्या ऐझॉल फुटबॉल क्लबने, पण त्याची निम्मी गोष्ट महाराष्ट्रात घडली, आणि ही निम्मी गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्या देशात राष्ट्रीय पातळीवरची फुटबॉल लीग सुरू झाली १९९६-९७ मध्ये. पहिलं विजेतेपद फगवाड्याच्या जेसीटीने घेतलं. २००७-०८ पासून तिचं नाव आय-लीग झालं. पहिल्या वीस वर्षांत करंडक बहुतेक वेळा कोलकाता किंवा गोव्यात गेला. एकट्या डेम्पोने तो पाच वेळा नेला. मुंबईत आला एकदाच, २००५-०६ मध्ये, महिंद्र युनायटेडकडे. आणि त्या क्लबने २०१० मध्ये गाशा गुंडाळला. ईशान्य भारतातून देशाला खेळाडू मिळत होते, पण करंडक तिकडे कधीच गेला नव्हता.

ऐझॉल एफसी हा क्लब १९८४ सालचा. दुसरी श्रेणी जिंकून तो २०१५-१६ मध्ये पहिल्यांदा आय-लीगमध्ये आला. त्या वर्षी नऊ संघ होते. ऐझॉल आठवा आला. नववा, म्हणजे शेवटचा, आला पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स. आता कुठल्याही साखळी स्पर्धेत खालच्या श्रेणीत कोण जातं? शेवटचा. पण डीएसके हा उद्योगसमूहाने पैसे भरून थेट प्रवेश घेतलेला संघ होता, आणि अशा संघांना पहिली काही वर्षं पदावनतीपासून संरक्षण दिलेलं होतं. त्यामुळे शेवटचा क्रमांक वरच राहिला आणि त्याच्या वरचा खाली गेला.

माझ्या कामात आम्ही नियम लिहितो आणि मग त्या नियमाला अपवाद लिहितो. अपवाद लिहिताना तो कुणाच्या सोयीचा आहे हे विचारायचं असतं, नाहीतर सहा महिन्यांनी कुणाचा तरी पगार चुकतो. इथे अपवाद कुणाच्या सोयीचा होता हे उघड होतं. नवा संघ पैसे घेऊन येत असेल तर त्याला पहिल्याच वर्षी बाहेर काढून चालणार नाही, असा तो हिशेब. व्यवहार म्हणून मला तो समजतो, पण खेळ म्हणून अजिबात पटत नाही. बरं, हाच ऐझॉलचा संघ त्या मोसमात फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला होता. तिथे मोहन बागानने त्यांना पाच गोलांनी हरवलं हे खरं, पण देशातल्या दोन नंबरच्या स्पर्धेचा उपविजेता आणि साखळीतून बाहेर, असं हे चित्र होतं.

मग मदत आली ती अनपेक्षित दिशेने, गोव्याकडून. २०१६ च्या जूनमध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. महासंघाच्या नव्या आराखड्यात इंडियन सुपर लीग ही देशातली अव्वल स्पर्धा ठरणार होती आणि आय-लीग तिच्या खाली जाणार होती. ज्यांनी चाळीस-पन्नास वर्षं क्लब चालवले, त्यांना आता शहराच्या नावाच्या फ्रँचायझींच्या खाली बसायला सांगितलं जात होतं. डेम्पोनेही तोच मार्ग धरला. गोव्याच्या फुटबॉलसाठी तो फार वाईट काळ होता. त्यांच्या रिकाम्या जागांमुळे ऐझॉलला परत बोलावलं गेलं. म्हणजे हा संघ हंगामात आला तोच मुळी दुसऱ्यांच्या निषेधाच्या दारातून.

प्रशिक्षक मिळाला तोही असाच, महाराष्ट्रातून बाहेर पडलेला. खालिद जमील. कुवेतमध्ये जन्मलेला, महिंद्र युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळलेला, भारताकडूनही खेळलेला मधल्या फळीतला खेळाडू. दुखापतींनी कारकीर्द लवकर संपली. २००९ मध्ये तो मुंबई एफसीचा प्रशिक्षक झाला आणि सात वर्षं तिथेच होता. हाताशी फारसे पैसे नाहीत, मोठी नावं नाहीत, तरी दरवर्षी संघ तगून राहायचा. त्याचा खेळ बघायला देखणा नसे. एक गोल करायचा आणि दार लावून बसायचं, अशी काहीशी पद्धत. २०१५-१६ मध्ये मुंबई एफसी पाचवा आला, आणि त्यानंतर क्लबने खालिदला निरोप दिला. तो ऐझॉलला गेला. मुंबई एफसीच्या जर्सीत खेळलेले आशुतोष मेहता आणि मुंबईचाच जयेश राणे हेही त्या हंगामात ऐझॉलच्या संघात होते. गोलरक्षक अल्बिनो गोम्स गोव्याचा. परदेशी खेळाडूंत सिरियाचा महमूद अल आमना, लायबेरियाचा आल्फ्रेड जारयान, आयव्हरी कोस्टचा कामो बायी. बाकी बहुतेक मिझो पोरं.

हंगाम ७ जानेवारी २०१७ ला सुरू झाला. दहा संघ, प्रत्येकाचे अठरा सामने. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि गतविजेता बंगळुरू हे तिघे दावेदार; चेन्नई आणि पंजाबचे नवे संघ; परवान्याच्या वादानंतर परतलेला गोव्याचा चर्चिल; शिलाँगचा लाजाँग; आणि महाराष्ट्राचे दोन, मुंबई एफसी व डीएसके शिवाजीयन्स. ऐझॉलने पहिल्याच सामन्यात ईस्ट बंगालला त्यांच्याच अंगणात १-१ असं रोखलं. तेव्हा कुणी फार मनावर घेतलं नाही.

मी त्या वर्षी पुण्यात बालेवाडीपासून दहा मिनिटांवर राहत होते आणि डीएसकेचे काही सामने जाऊन पाहिले. स्टेडियम भव्य. हिरवळ उत्तम. गाडी लावायला मात्र मला एकदाही अडचण आली नाही, यावरून काय ते समजा. गोल झाला की टाळ्या ऐकू येत, आणि कुणी वाजवल्या तेही कळे. आपल्याकडे एखाद्या उपांत्य सामन्यालाही दुपारपासून जागा धरावी लागते, हे सोबतच्या सहकाऱ्यांना सांगितलं तर ते हसले. कोल्हापुरात फुटबॉल बघतात यावरच त्यांचा विश्वास नव्हता.

इथे ऐझॉलबद्दल थोडं विस्ताराने सांगायला हवं. २०११ च्या जनगणनेनुसार सगळ्या मिझोराम राज्याची लोकसंख्या सुमारे ११ लाख आहे. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याची होती ३८ लाखांवर. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून लहान राज्य. तिथे वस्तीला 'वेंग' म्हणतात, आणि वेंगचा अभिमान आपल्या पेठेच्या अभिमानासारखाच असतो. जवळजवळ प्रत्येक वस्तीत यंग मिझो असोसिएशनची शाखा असते. ही संघटना १९३५ ची. कुणाच्या घरी मयत झालं तर हेच लोक धावतात, रस्ता साफ करायला हेच येतात. वस्त्यांचे फुटबॉल संघही असतात. शिवाजी पेठेतल्या किंवा मंगळवार पेठेतल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्या तालमीही काही फक्त कुस्तीसाठी नव्हत्या.

फरक पडला तो २०१२ मध्ये. त्या वर्षी मिझोराम प्रीमियर लीग सुरू झाली, आणि झोनेट या स्थानिक केबल कंपनीने ती दाखवायला घेतली. गावातल्या लोकांनी गावातले सामने गावातल्याच केबलवर पाहिले, आणि त्यातून लीगला पैसा मिळाला. दोनच वर्षांनी, २०१४ मध्ये, मिझोरामने संतोष करंडक जिंकला. ऐझॉलचं यश आभाळातून पडलं असं तेव्हा सगळ्या वृत्तपत्रांनी लिहिलं. आदल्या वर्षी इंग्लंडमध्ये लेस्टर सिटी जिंकली होती, तिच्याशी तुलनाही झाली. मला ती तुलना अर्धवट वाटते. लेस्टरला आधी नियमावर बोट ठेवून बाहेर काढलेलं नव्हतं. आणि ऐझॉलच्या खाली पाच वर्षं रचलेली एक लीग होती. क्लबचे मालक रॉबर्ट रॉयते यांच्याकडे मोठ्या उद्योगसमूहाची तिजोरी नव्हती. ही लीग आणि तिच्यातून आलेली मुलं होती.

एप्रिल उजाडला तेव्हा शर्यतीत दोघेच उरले होते. सोळा सामन्यांनंतर मोहन बागान आणि ऐझॉल, दोघांचेही ३३ गुण. आणि २२ एप्रिलला दोघांचा सामना ऐझॉलमध्ये, राजीव गांधी स्टेडियमवर. डोंगरात कोरल्यासारखं मैदान, पलीकडे दरी. बागानच्या बाजूने जेजे लालपेखलुआ होता. मिझोरामचाच मुलगा, भारताचा आघाडीचा खेळाडू, आणि ज्याला मोठं करण्यात पुणे एफसीचा वाटा होता. सामना गोलशून्य चालला होता. ८३ व्या मिनिटाला झोहमिंगलियाना राल्ते या बचावपटूने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. १-० अशी ऐझॉलची सरशी. खालिदच्या पद्धतीचा याहून शुद्ध नमुना शोधूनही सापडणार नाही.

३० एप्रिल, शेवटचा दिवस. ऐझॉल शिलाँगमध्ये लाजाँगविरुद्ध, बागान कोलकात्यात चेन्नई सिटीविरुद्ध. दोन्ही सामने एकाच वेळी. ऐझॉलला फक्त एक गुण हवा होता. नवव्या मिनिटाला दिपांदाने लाजाँगला आघाडी मिळवून दिली; याच दिपांदाने त्या हंगामात सर्वाधिक, ११ गोल केले. तिकडे बागान जिंकतच होता. मी तो सामना घरी लॅपटॉपवर पाहत होते, शेजारच्या खिडकीत ऑफिसचं काम उघडं ठेवून. मिझोरामहून आलेल्या लोकांनी स्टेडियमची एक बाजू लाल करून टाकली होती. ६७ व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली, आणि त्यानंतर पंचवीस मिनिटं ऐझॉलने जे केलं ते खालिद मुंबईत सात वर्षं करत आला होता. दार लावून घेतलं. १-१. अकरा विजय, चार बरोबरी, तीन पराभव, ३७ गुण. बागान ३६.

तक्त्याचं दुसरं टोकही बघा. दहाव्या जागी, शेवटी, मुंबई एफसी. ज्या वर्षी त्यांनी काढलेला प्रशिक्षक देशाचा विजेता झाला, त्याच वर्षी ते पदावनत झाले. पुन्हा आय-लीगमध्ये हा क्लब दिसला नाही. डीएसके शिवाजीयन्स पदावनत झाला नाही, पण हंगाम संपल्यावर बंद झाला. त्या समूहाच्या आर्थिक अडचणींचं पुढे काय झालं हे पुण्यात सर्वांना ठाऊक आहे. २०१३ मध्ये उपविजेता ठरलेला पुणे एफसी त्याआधीच गेला होता. भारत एफसी नावाचा एक क्लब एका हंगामापुरता आला आणि गेला. सुपर लीगमधला पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला, त्याची जागा हैदराबादला दिली गेली. पाच-सहा वर्षांत एका शहराने चार क्लब गमावले. मैदान तेच राहिलं, बालेवाडीचं. माझ्या माहितीत त्या चौघांपैकी एकाही क्लबसाठी पुण्यात कुणी मोर्चा काढला नाही, आणि याबद्दल मी पुणेकरांना दोष देत नाही. कुणी आपल्याला विचारून सुरू केलेली गोष्ट नव्हती ती.

विजेतेपदानंतर ऐझॉलला वाटलं होतं की आता अव्वल स्पर्धेचं दार उघडेल. उघडलं नाही. पुढच्या हंगामात सुपर लीग आणि आय-लीग समांतर चालल्या, बंगळुरू तिकडे गेला, आणि देशाचा विजेता ऐझॉल इकडेच राहिला. क्लबने निषेध केला, आंदोलनाची भाषा केली. सुपर लीगमधल्या जागा मैदानावर मिळत नव्हत्या. संघही फुटला. खालिद आणि अल आमना ईस्ट बंगालला गेले, राणे आणि गोम्स सुपर लीगमध्ये. पैशापुढे इलाज नसतो, आणि खेळाडूचं आयुष्य लहान असतं.

आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पण त्याला मोठ्या पातळीवर खेळायचं तर गाव सोडणं भागच होतं. देशाच्या लीगमध्ये कोल्हापूर नावाचा संघ नाही. पेठा आहेत, तालमी आहेत, दुपारपासून जागा धरणारे लोक आहेत. पीटीच्या सरांना मेळाव्यात हे मुद्दाम विचारणार आहे, कारण ऐझॉलकडे २०१२ च्या आधी याहून जास्त काय होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

खालिद जमील २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारतीय संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. ऐझॉलचा संघ २०१८ च्या जानेवारीत आशियाई चॅम्पियन्स लीगच्या पात्रता सामन्यासाठी इराणला गेला, तिथल्या झोब अहानविरुद्ध. हरले, ३-१. एक गोल मात्र करून आले.