मृगाआधी पांढरी, घटाआधी सारवण

नगर-मनमाड रस्ता कोल्हारपाशी प्रवरा ओलांडतो. नदीच्या एका अंगाला राहुरी तालुक्यातलं कोल्हार खुर्द, दुसऱ्या अंगाला राहाता तालुक्यातलं, भगवतीदेवीचं कोल्हार बुद्रुक. या पट्ट्यातल्या जुन्या घरांच्या डागडुजीला वर्षात दोन मुहूर्त असत. एक मृग लागण्याआधीचा, दुसरा घटस्थापनेआधीचा. पहिल्यात धाब्यावर माती चढायची, दुसऱ्यात अख्खा संसार अंगणात यायचा. या दोन्ही कामांना रोख पैसा जवळपास लागत नसे. लागत ते हात, आणि तेही घरातलेच.

धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर. हीच प्रवरा रतनगडाजवळ उगम पावते, तिथे अकोल्याच्या डोंगरात पाऊस इतका की छपराला उतार द्यावाच लागतो. कोल्हारपर्यंत येईतो घाटमाथ्याचा पाऊस मागे राहिलेला असतो आणि सपाट छप्पर चालून जातं. दोन भिंतींवर तुळई, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचन म्हणजे लाकडाच्या बारक्या चिरफळ्या, त्यावर कडुलिंबाचा पाला नाहीतर तरवडाच्या फांद्या, त्यावर चिखल आणि सगळ्यांत वर पांढरी माती. पाण्याला वाट द्यायला पन्हाळ, धूर जायला आणि उजेड यायला सवणं. घर मोजायचं ते खणांनी. तुळया-कड्या सुतार बसवायचा. तो बलुतेदार, त्याची मजुरी सुगीला धान्यात. त्रिंबक नारायण आत्र्यांनी ‘गावगाडा’त (१९१५) बलुत्याचा हा सगळा हिशेब तपशिलानं मांडला आहे. कड्यांच्या वरची माती मात्र घरच्यांनीच सांभाळायची. बलुत्याच्या हिशेबात ती कुठे बसतच नव्हती.

माती पांढरीच का? शिवारातली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात तडकते. अशा छपराखाली पहिल्याच झडीत पातेली मांडायची वेळ येते. पांढरी शिवारात मिळत नाही, ती जुन्या वस्तीच्या टेकाडावर मिळते. शेकडो वर्षांची राख, पडक्या भिंती, शेण, खापरं कुजून-मुरून झालेली ही बारीक, भुरकट माती फार फुगत नाही आणि चांगली दबते. उन्हाळ्यात लोक टेकाड खणायचे, पाट्या भरायचे, धाब्यावर पसरायचे.

ती टेकाडं साधी नव्हती. प्रवरेच्या काठी संगमनेरजवळ जोर्वे आहे. तिथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं आणि महाराष्ट्राच्या ताम्रपाषाणयुगातल्या एका संस्कृतीला त्या गावाचं नाव मिळालं. खालच्या अंगाला नेवासं. तिथलं लाडमोड टेकाड ह. धी. सांकलिया यांच्या चमूनं १९५४ पासून खणलं. श्रीरामपूर तालुक्यातलं दायमाबादही याच नदीवर. या वस्त्यांमध्ये सापडलेली घरं मातीच्या भिंतींची, जमिनी चोपून सारवलेल्या. घोडनदीकाठच्या इनामगावात कुडाच्या भिंती लिंपलेल्या सापडल्या, चुना भाजणाऱ्याचं घरही सापडलं. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच्या बाईनं चोपलेली भुई खणून काढायची आणि तिच्या मातीनं आपलं धाबं राखायचं, असा हा व्यवहार. पुरातत्त्ववाल्यांना तो अर्थातच आवडला नाही. अनेक टेकाडं त्यांच्याआधी पाट्यांमधून धाब्यांवर पोचली होती.

दुसरा मुहूर्त घटाचा. गावातच भगवतीचं ठाणं असल्यावर नवरात्राआधी घर स्वच्छ झालंच पाहिजे. पावसाळ्यानं भिंती ओल धरलेल्या, गोधड्यांना कुबट वास. मग ‘दसरा काढायचा’. उतरंडीपासून कणगीपर्यंत सगळं बाहेर, गोधड्या नदीवर. ओली गोधडी एका बाईला उचलत नाही. दोघी दोन टोकांना धरून पिळतात आणि खडकावर वाळत घालतात.

घरात तोवर भिंतींचं काम. चुनकळी रांजणात रात्रभर भिजवायची, पाणी पडताच ती उकळायला लागते म्हणून पोरांना लांब ठेवायचं. सकाळी फडक्यानं गाळायची, पिवळटपणा मारायला चिमूटभर नीळ, हाताला लागू नये म्हणून थोडा डिंक. केकताडाच्या वाखाचा कुंचा घरीच बांधायचा. ज्यांना चुना परवडत नसे ते पांढरीचाच पोतारा द्यायचे आणि खाली हातभर गेरूचा पट्टा ओढायचे. भुई उखडली असेल तर मुरूम पसरून, पाणी मारून चोपण्यानं बडवायची आणि मग सारवायची. सारवणाचं शेण ताजंच हवं. पहिल्या हाताला त्यात माती आणि भुस्सा, दुसऱ्या हाताला नुसतं शेण. आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे उलटं सरकत, पंजा अर्धगोल फिरवत यायचं. पंजाच्या त्या कमानी एकसारख्या आल्या की सारवणारीचा हात चांगला, ही गावाची परीक्षा.

गोधडीचं गणित लुगड्यावर बसलेलं होतं. नऊवार सुती लुगडं विरलं की त्याच्या चार घड्या घालायच्या. साधारण दोन मीटर लांबीचे चार थर मिळतात. दोन लुगडी शेजारी जोडली की माणूस झोपेल एवढी रुंदी होते. पोटात धोतरं, सदरे, झबली. कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा ठेवून थर ताणायचे आणि कडेनं धावदोरा घालत मध्याकडे यायचं. लुगड्याचे काठ वाया घालवायचे नाहीत, त्यांचीच चौकट करायची. पुढे टेरिलीन-नायलॉनच्या साड्या आल्या आणि हे गणित बिघडलं. ते कापड सुईखाली सरकतं, घाम टिपत नाही, आणि विरत नाही म्हणून गोधडीच्या वाट्यालाही लवकर येत नाही.

धाब्याचे दिवस पाण्यानं फिरवले. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, प्रवरेचे कालवे वाहू लागले, ऊस आला. कोल्हारच्या शेजारी लोणीत विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या अखेरीस त्याचं पहिलं गाळप सुरू झालं. उसाच्या पैशाबरोबर पत्रे आले, मंगलोरी कौलं आली. स्लॅबला मात्र वेळ लागला, कारण सिमेंट नियंत्रणात होतं. परवान्याशिवाय पोतं मिळत नसे. सिमेंटवाटपाच्या प्रकरणावरून १९८२ च्या जानेवारीत राज्याच्या मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षी नियंत्रण सैल झालं, १९८९ मध्ये पूर्ण उठलं. त्यानंतर धाबी झपाट्यानं उतरली. तुळयांचा जुना सागवान विकला गेला.

मातीच्या घराच्या गारव्याचं कौतुक आज जोरात आहे, आणि गारवा खराच आहे. मेमध्ये पत्र्याखाली बसलेल्याला तो पटवून द्यावा लागत नाही. पण कौतुक करणाऱ्यांत डोक्यावर पांढरीची पाटी घेऊन शिडी चढलेलं कुणी क्वचितच सापडतं. धाबं दर वर्षी माती मागायचं, थरावर थर चढून तुळया वाकायच्या, मग जुनी माती उतरवायची तीही पाट्यांनीच. हे घर स्वस्त पडायचं, कारण बायकांच्या दिवसांची मजुरी कुणी धरतच नव्हतं. स्लॅब आला तेव्हा या बायकांनी मागे वळून पाहिलं नाही, यात नवल नाही.

तरी हातानं घर उभारण्याची विद्या या पट्ट्यातून गेलेली नाही. ती दर साली दिवाळीच्या सुमारास बैलगाड्यांतून आणि ट्रॅक्टरांतून येते. पाथर्डी, शेवगाव, बीडकडचे ऊसतोड मजूर कारखान्यांच्या परिसरात आपल्या कोप्या घालतात. बांबू वाकवून कमान करायची, वर चटई नाहीतर ताडपत्री, सांधे पाचटानं बुजवायचे, आत जमीन सारवून तीन दगडांची चूल मांडायची. उन्हाळ्याच्या तोंडाशी गाळप संपलं की कोपी मोडून बांबू परत गाडीत. कमीत कमी पैशांत स्वतःच्या हातानं घर करणं आज प्रवरेकाठी यांच्याइतकं कुणाला जमत नाही, आणि त्यांना स्वतःला त्या कोपीऐवजी पक्की खोली, नळ आणि संडास हवा आहे.