बृहदांत्राचा अंधवर्ध रोग : शस्त्रक्रिया व आंत्रकार्यरक्षण

बृहदांत्राच्या भित्तीत रक्तवाहिन्या जेथे शिरतात, त्या दुर्बल जागांतून श्लेष्मकला बाहेर फुगून एका टोकास बंद असलेल्या लहान पिशव्या तयार होतात. त्यांस ‘अंधवर्ध’ (डायव्हर्टिक्युला) म्हणतात. पाश्चात्त्य देशांत त्या मुख्यतः गुदांत्राच्या वरील वळणदार भागात, म्हणजे अवग्रहाभ बृहदांत्रात आढळतात. बहुतेक व्यक्तींना त्यांपासून त्रास होत नाही. काहींत मात्र शोथ (दाहयुक्त सूज), विद्रधी (पू साचणे), आंत्ररोध, किंवा छिद्र पडून पर्युदरशोथ (उदरगुहेच्या अस्तराचा शोथ) उद्‌भवतो. अशा रोग्याचा जीव वाचविणे व त्याचे मलविसर्जन नैसर्गिक मार्गाने चालू राखणे, या दोन उद्दिष्टांतील ओढाताण म्हणजेच या शस्त्रक्रियेचा इतिहास होय.

अर्न्स्ट ग्रासर या जर्मन शल्यचिकित्सकांनी १८९९ मध्ये अंधवर्धांभोवतीच्या शोथामुळे आंत्र अरुंद होते, असे दाखविले. १९०७ मध्ये अमेरिकेतील विल्यम मेयो व त्यांचे सहकारी यांनी रोगग्रस्त भाग कापून काढल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. प्रतिजैव औषधे नसलेल्या त्या काळात पुवाने भरलेल्या उदरात घातलेला आंत्राचा सांधा सुटण्याची भीती मोठी होती. म्हणून तीन टप्प्यांची पद्धत रूढ झाली : प्रथम उदरभित्तीवर कृत्रिम मलद्वार काढावयाचे, नंतर रोगग्रस्त भाग काढावयाचा व शेवटी ते द्वार मिटवावयाचे. या पद्धतीत पहिल्या टप्प्यानंतरही रोगग्रस्त आंत्र शरीरातच राही.

पॅरिसचे आंरी हार्टमान यांनी १९२१ मध्ये कर्करोगासाठी एक शस्त्रक्रिया वर्णिली होती. तीत रोगग्रस्त भाग काढून गुदांत्राचे टोक शिवून बंद करतात व वरचे टोक उदरभित्तीवर आणतात. पुढे छिद्रयुक्त अंधवर्धशोथातही ती सर्वमान्य झाली. तिने अनेकांचे प्राण वाचले. परंतु आंत्र पुन्हा जोडण्याची दुसरी शस्त्रक्रिया अवघड असते. वार्धक्य वा इतर विकारांमुळे अनेक रोग्यांत ती होतच नाही आणि तात्पुरते म्हणून काढलेले मलद्वार कायमचे ठरते.

प्रतिजैव औषधे, सुधारलेले संवेदनाहरण व १९७० नंतरच्या दशकात प्रचारात आलेले वर्तुळाकार टाचणीयंत्र यांमुळे पहिल्याच वेळी आंत्र जोडणे अधिक शक्य झाले. १९७८ मध्ये हिंची व सहकाऱ्यांनी छिद्रयुक्त रोगाचे चार टप्पे ठरविल्याने रोग्यांची तुलना सुलभ झाली. नेदर्लंड्स, बेल्जियम व इटली येथील एका चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. रक्ताभिसरण स्थिर असलेल्या रोग्यांपैकी ज्यांचे आंत्र तत्काळ जोडले, त्यांच्यात बारा महिन्यांनी मलद्वाराविना जिवंत असण्याचे प्रमाण ९४.६ टक्के, तर हार्टमान पद्धतीत ७१.७ टक्के होते. प्रकृती अत्यवस्थ असल्यास मात्र हार्टमान पद्धतच आजही उपयोगी पडते.

केवळ सांधा टिकल्याने आंत्रकार्य टिकते असे नाही. अवग्रहाभाचा खालचा भाग मागे ठेवून तेथे सांधा केल्यास रोग पुन्हा उद्‌भवण्याचा संभव वाढतो. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेयो क्लिनिकमधील पाहणीत हे प्रमाण १२.५ टक्के, तर गुदांत्राशी जोडलेल्यांत ६.७ टक्के होते. म्हणून सांधा गुदांत्राच्या वरच्या भागाशी करतात. कर्करोगाप्रमाणे विस्तृत छेदनाची येथे गरज नसल्याने गुदांत्राचा रक्तपुरवठा आणि श्रोणीतील स्वायत्त तंत्रिका शक्यतो अबाधित राखतात. मलवेग आवरणे, मूत्राशयाचे कार्य व लैंगिक कार्य ही या तंत्रिकांवर अवलंबून असतात. तरीही मलविसर्जनाची वारंवारता, घाई वा अपुरेपणाची भावना काही रोग्यांत उरते. आहारातील बदल, औषधे व श्रोणितलाच्या स्नायूंचे व्यायाम यांचा त्यावर उपयोग होतो.

शस्त्रक्रिया टाळणे हाही रक्षणाचाच मार्ग आहे. नील पेंटर व डेनिस बर्किट यांनी १९७१ मध्ये हा रोग आहारातील तंतुमय पदार्थांच्या अभावाशी जोडला; त्यानंतर चोथाविरहित आहाराऐवजी कोंड्याचा पुरस्कार होऊ लागला. दोन झटके आल्यावर आंत्राचा भाग काढावा, हा जुना दंडकही शिथिल झाला. अमेरिकेतील बृहदांत्र व गुदांत्र शल्यचिकित्सकांच्या संघटनेने २००६ मध्ये प्रत्येक रोग्याचा स्वतंत्र विचार करण्याची शिफारस केली. वेदना, गुंतागुंती, वय व इतर विकार यांबरोबरच शस्त्रक्रियेनंतरचे दैनंदिन जीवन कसे असेल, हाही आता निर्णयाचा आवश्यक भाग मानला जातो.