संथगती व लूप अ‍ॅप (संगीत सराव)

संथगती व लूप अ‍ॅप म्हणजे ध्वनिमुद्रित संगीताची गती स्वरांची उंची न बदलता कमी करणारी आणि त्यातील निवडलेला तुकडा पुनःपुन्हा वाजवणारी मोबाईल किंवा संगणक प्रणाली होय. ऐकून बसवायची बंदिश, तान, गत, लोकगीत किंवा ठेक्यातील तुकडा बारकाईने समजून घेण्यासाठी विद्यार्थी तिचा वापर करतात. गायन-वादनाचे शिक्षण प्रामुख्याने श्रवणावर अवलंबून असल्याने भारतीय संगीतात ही साधने विशेष उपयोगी ठरतात. मात्र ती मूळ ध्वनी संथ करतात, संगीतातील विलंबित लय निर्माण करत नाहीत. हा भेद सरावात महत्त्वाचा मानला जातो.

इतिहास

ध्वनिमुद्रणापूर्वी अवघड जागा पुन्हा ऐकण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे गुरूंकडून ती पुन्हा म्हणवून घेणे. बालगंधर्व (नारायण श्रीपाद राजहंस, १८८८–१९६७) यांचे सुरुवातीचे गायनशिक्षण जळगाव येथे मेहबूब खाँ यांच्याकडे अशाच समोरासमोरच्या पद्धतीने झाले. भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रणाला १९०२ साली कोलकाता येथे सुरुवात झाली. पुढे बालगंधर्वांच्या नाट्यपदांच्या ध्वनिमुद्रिका ऐकूनही ती पदे बसवली जाऊ लागली. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे वाजणाऱ्या या तबकडीवर हवी ती जागा पुन्हा ऐकण्यासाठी सुई उचलून मागे ठेवावी लागे.

तबकडी संथ फिरवली की गतीबरोबर स्वरही खाली येतो. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची तबकडी १६⅔ फेऱ्यांवर लावल्यास गती निम्मी होते आणि संगीत पूर्ण एक सप्तक खाली उतरते. कॅसेट आल्यावर फीत मागे घेणे सोपे झाले, तरी ही अडचण कायम राहिली. १९६६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांच्या फ्लॅनगन व गोल्डन यांनी ‘फेज व्होकोडर’ ही पद्धत मांडली. तिच्यामुळे गती आणि स्वर परस्परांपासून वेगळे करणे शक्य झाले. वैयक्तिक संगणक व स्मार्टफोन आल्यावर ही सोय सामान्य विद्यार्थ्यांच्या हाती आली.

कार्यपद्धती

प्रणाली ध्वनीचे काही शतांश सेकंदांचे, एकमेकांवर थोडे चढलेले तुकडे करते आणि ते अधिक अंतरावर पुन्हा जोडते. त्यामुळे कालावधी वाढतो, पण कंपनसंख्या तीच राहते. दीर्घ स्वर, तंबोरा, बासरी यांवर हा परिणाम बराच स्वच्छ ऐकू येतो. थाप, टाळी, टाळ यांसारखे क्षणिक आघात मात्र पसरट होतात किंवा दुहेरी ऐकू येतात. गती जितकी कमी, तितका हा दोष अधिक जाणवतो.

‘अमेझिंग स्लो डाउनर’, ‘ट्रान्सक्राइब’ व ‘एनीट्यून’ ही या कामासाठीची परिचित साधने आहेत. ‘ऑडॅसिटी’ ही विनामूल्य संगणक प्रणाली गती व स्वर स्वतंत्रपणे बदलू शकते. ‘व्हीएलसी’मध्ये दोन बिंदूंमधील भाग पुन्हा वाजवण्याची, तर यूट्यूबवर गती ०.७५ किंवा ०.५ पट करण्याची सोय आहे. अनेक अ‍ॅपमध्ये पट्टीही बदलता येते, त्यामुळे विद्यार्थ्याला मूळ गायकाची गायकी स्वतःच्या पट्टीत ऐकता येते.

रियाजातील वापर

द्रुत त्रितालात मिनिटाला २०० मात्रांची लय असल्यास १६ मात्रांचे एक आवर्तन ४.८ सेकंदांत पूर्ण होते. गती ६० टक्के ठेवली की लय १२० मात्रांवर येते आणि तेच आवर्तन ८ सेकंदांचे होते. मात्रेला दोन स्वर असलेल्या तानेत प्रत्येक स्वराला ०.१५ ऐवजी ०.२५ सेकंद मिळतात. एवढ्या फरकानेही खटका, मुरकी किंवा कणस्वर नेमका कोणत्या स्वरावरून येतो हे कानाला उमगू शकते.

लूप कोठे कापायचा हे तालावरून ठरवणे इष्ट असते. समेपासून समेपर्यंतचे पूर्ण आवर्तन घेतल्यास प्रत्येक फेरीत ठेका सलग राहतो. तुकडा मात्रेच्या मध्येच कापला, तर प्रत्येक जोडापाशी लय तुटते आणि ऐकणाऱ्याच्या अंगी तीच तुटलेली लय भिनू शकते. खालीपासून सुरू होणाऱ्या तानेचा लूप समेवर थांबवण्याऐवजी समेनंतरच्या एक-दोन मात्रा धरून घेतल्यास सम गाठण्याची क्रिया पूर्ण ऐकता येते. प्रथम केवळ ऐकणे, मग सोबत म्हणणे, नंतर अ‍ॅप बंद करून तंबोऱ्यावर म्हणणे आणि शेवटी टप्प्याटप्प्याने मूळ गतीकडे जाणे, असा क्रम उपयुक्त ठरतो.

पारंपरिक ठाय-दुगुन-चौगुन पद्धतीची जागा हे साधन घेऊ शकत नाही. त्या पद्धतीत ठेका स्थिर राहतो आणि गाण्याची पट वाढते. त्यातून लयीच्या प्रमाणाचे भान येते. अ‍ॅपमध्ये ठेका आणि तान एकाच प्रमाणात संथ होतात. शिवाय सेकंदाला सहा वेळा होणारे स्वराचे आंदोलन निम्म्या गतीत तीन वेळाच ऐकू येते आणि गमक मींडेसारखी भासते. विद्यार्थ्याने ते तसेच उचलले, तर मूळ गतीत गाताना गमकेचा जोर हरवतो.

खानदेशच्या संदर्भात

जळगाव व धुळे जिल्ह्यांत शास्त्रीय संगीताच्या परीक्षांना बसणाऱ्या विद्यार्थ्यांबरोबरच अहिराणी लोकगीतांचीही परंपरा आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी होणाऱ्या कानबाईच्या उत्सवातील गाणी आणि डफाच्या साथीने समूहात गायले जाणारे वहीगायन ही मुख्यतः ऐकूनच शिकली जातात. घरात अहिराणी कमी बोलली जाते अशा नव्या पिढीला संथ गतीत शब्दांचे उच्चार, आघात आणि ओळीअखेरचे हेल स्पष्टपणे ऐकता येतात.

येथे साधनाच्या मर्यादाही ठळक होतात. डफ किंवा ढोल पुढे असलेल्या मुद्रणात गती फार कमी केल्यास थापा पसरतात. अशा वेळी गती ७५ ते ८० टक्क्यांच्या खाली न नेता लूपच लहान घेणे सोयीचे असते. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील पश्चिम डोंगरपट्ट्यात वाजणाऱ्या पावरी या सुषिर वाद्याचे स्वर हार्मोनियमच्या बारा स्वरांशी नेमके जुळतीलच असे नाही. त्यामुळे स्वर ओळखून त्याचे नाव दाखवणाऱ्या अ‍ॅपचा निर्णय अशा वाद्यासाठी प्रमाण धरता येत नाही.

याहून मोठा प्रश्न पाठभेदांचा आहे. मौखिक गीत गावानुसार, प्रसंगानुसार आणि गाणाऱ्यानुसार बदलते. एकच मुद्रण शेकडो वेळा ऐकून शिकल्यास त्या दिवशीची चूक, राहून गेलेले कडवे किंवा श्वासासाठी घेतलेला थांबाही गाण्याचा भाग बनू शकतो. मग इतर गावांचे पाठ अशुद्ध समजले जाऊन मागे पडण्याचा धोका असतो. म्हणून एकाच गीताची अनेक मुद्रणे ऐकणे, प्रत्येकासोबत गाव, प्रसंग व दिनांक यांची नोंद ठेवणे आणि शिकलेले गीत जाणत्या गायिकांसमोर म्हणून दाखवणे आवश्यक ठरते.

इतर मर्यादा

जुन्या तबकड्या प्रत्यक्षात नेमक्या ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या असतीलच असे नाही. डिजिटल प्रत करताना गती चुकली असल्यास पट्टी आणि लय दोन्ही मूळपेक्षा वेगळ्या ऐकू येतात; अशा प्रतीवरून गायकाची मूळ पट्टी ठरवताना सावधगिरी बाळगावी लागते. तसेच अ‍ॅप विद्यार्थ्याची आवाज लावण्याची पद्धत, बैठक, श्वास किंवा वादकाच्या हाताचे वळण दुरुस्त करू शकत नाही.

कायदेशीर बाजू

भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये संशोधनासह खासगी वा वैयक्तिक उपयोगासाठी कलाकृतीच्या न्याय्य वापराला सूट आहे. मात्र प्रताधिकार असलेल्या मुद्रणाची संथ केलेली प्रत सार्वजनिकरीत्या प्रसारित करण्यासाठी सर्वसाधारणपणे हक्कधारकाची परवानगी लागते. ध्वनिमुद्रणावरील प्रताधिकार त्याच्या प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो.

हेही पहा

रियाज
लय
त्रिताल
अहिराणी बोलीभाषा
कानबाई
बालगंधर्व